घरगुती राऊटर आणि आभासी जाळी

घरात महाजालाची जोडणी आणून देणारा राऊटर बाहेरून एकच पेटी दिसत असला, तरी तिच्या आत किमान दोन जाळी नांदत असतात : एक घरातले आणि दुसरे बाहेरचे. बहुसंख्य घरगुती राऊटरांत ही दोन जाळी वेगळ्या तारांनी नव्हे, तर केवळ क्रमांकांनी वेगळी राखलेली असतात. एकाच स्विचवरून, प्रसंगी एकाच केबलवरून जाणाऱ्या वाहतुकीला क्रमांक देऊन तिची परस्परांपासून फारकत करण्याच्या या पद्धतीला ‘व्हर्च्युअल लोकल एरिया नेटवर्क’ किंवा संक्षेपाने ‘व्हीलॅन’ असे म्हणतात. मराठीत त्याला आभासी जाळे म्हणता येईल. बँका, विद्यापीठे आणि मोठ्या कचेऱ्या यांच्यासाठी ही पद्धत जुनी आहे. घरगुती राऊटरच्या चिपमध्येही ती असतेच. पण उत्पादकाने दिलेल्या मूळ फर्मवेअरमध्ये तिचा पडदा सहसा दाखविला जात नाही. ओपनडब्ल्यूआरटी, डीडी-डब्ल्यूआरटी, टोमॅटो यांसारखी पर्यायी फर्मवेअर तो पडदा उघडून देतात.

या सुविधेची घराला गरज काय, असा प्रश्न काही वर्षांपूर्वी रास्त ठरला असता. तेव्हा घरात एखादा संगणक आणि फार तर एक छपाईयंत्र असे. आता त्याच जाळ्यावर दारावरचा कॅमेरा असतो, दूरचित्रवाणी संच असतो, आवाजावर चालणारे दिवे असतात आणि आयकर विवरणपत्रे साठविलेला लॅपटॉपही असतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरातील कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिने कोणतेही असाधारण तंत्र वापरले नाही. कारखान्यात घातलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून पाहिल्या, इतकेच. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच यंत्रांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीच्या सेवेवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास दिसेनाशी झाली. सपाट, म्हणजे विभागणी नसलेल्या जाळ्यात असा बाधित कॅमेरा शेजारच्या लॅपटॉपशी थेट बोलू शकतो. मध्ये राऊटरची चौकी लागत नाही, कारण दोघेही एकाच स्विचवर असतात. आभासी जाळे कॅमेऱ्याला बाधा होण्यापासून वाचवीत नाही. त्या बाधेची झळ घरातील इतर यंत्रांना लागू नये, एवढेच त्याचे काम आहे. मात्र ते थोडे नव्हे.

निळ्या पेटीतील गुपित

लिंक्सिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा निळ्या-काळ्या रंगाचा, दोन अँटेनांचा राऊटर बाजारात आणला. २००३ साली सिस्को या बड्या कंपनीने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून लिंक्सिस आपल्याकडे घेतली. त्याच सुमारास काही जाणकारांच्या ध्यानात आले, की या राऊटरच्या पोटात लिनक्स चालते आहे. लिनक्सच्या जीपीएल या परवान्यानुसार, जो कोणी ती आज्ञावली यंत्रात घालून विकेल त्याने तिचा स्रोतही ग्राहकाला उपलब्ध करून दिला पाहिजे. तसा तो दिलेला नव्हता. जून २००३ मध्ये हा आक्षेप जाहीरपणे मांडला गेला आणि त्याच वर्षी लिंक्सिसने स्रोत खुला केला. परवान्याचा वाद मात्र तेवढ्यावर मिटला नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोला न्यायालयात खेचले आणि मे २००९ मध्ये उभयतांत तडजोड झाली.

स्रोत हाती आल्यावर २००४ च्या जानेवारीत ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला. त्यापाठोपाठ २००५ मध्ये सेबास्टियन गॉटशाल यांचे डीडी-डब्ल्यूआरटी आणि नंतर जोनाथन झराटे यांचे टोमॅटो आले. या मंडळींनी पेटी उघडून पाहिली तेव्हा जे दिसले ते घरगुती आभासी जाळ्यांचे मूळ होय. राऊटरच्या मागे पाच पोर्ट होते : चार घरातील संगणकांसाठी आणि एक बाहेरच्या जोडणीसाठी, थोडे अंतर राखून बसविलेला. खरेदीदाराची स्वाभाविक समजूत अशी, की बाहेरचा पोर्ट हा मुळातच निराळा आहे. प्रत्यक्षात आत सहा पोर्टांचा एकच स्विच होता. त्यांतील पाच मागे दिसत आणि सहावा आतल्या आत प्रोसेसरला जोडलेला असे. चार पोर्ट आणि प्रोसेसर यांचे शून्य क्रमांकाचे आभासी जाळे, तर उरलेला पोर्ट आणि प्रोसेसर यांचे एक क्रमांकाचे जाळे, अशी दोन ओळींची नोंद राऊटरच्या स्थायी स्मृतीत केलेली होती. बाहेरचा पोर्ट बाहेरचा ठरत होता तो केवळ या नोंदीमुळे. नोंद बदलली की चौथा पोर्ट घरापासून तोडून त्याचे तिसरे जाळे करता येई. एखादा पोर्ट दोन जाळ्यांत सामाईकही ठेवता येई. शंभर डॉलरांहून स्वस्त यंत्राला यायोगे बऱ्याच महागड्या कार्यालयीन उपकरणांचा गुण आला.

लिंक्सिसने २००५ मध्ये या राऊटरच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली घातली आणि स्मृती निम्म्यावर आणली. ग्राहकांच्या नाराजीची दखल घेऊन जुन्या रचनेचा राऊटर ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ या नावाने, थोड्या अधिक किमतीला, वेगळा विकण्यात आला. नावातील शेवटचे ‘एल’ लिनक्सचे. एकाच नावाच्या पेटीत आतले सामान असे बदलते, हा धडा आजही तितकाच खरा आहे : फर्मवेअर उतरवून घेण्यापूर्वी राऊटरच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवरील केवळ नमुन्याचे नाव पाहू नये, हार्डवेअर आवृत्तीचा आकडाही पाहावा.

चिठ्ठी चार बाइटची

आभासी जाळ्याची कल्पना १९८० च्या दशकात अमेरिकेतील बेलकोअर या संशोधनसंस्थेत डब्ल्यू. डेव्हिड सिन्कोस्की यांच्या कामातून पुढे आली. तिचे प्रमाणीकरण आयईईई या संस्थेने १९९८ मध्ये ‘८०२.१क्यू’ या क्रमांकाने केले. ईथरनेटवरून माहिती ज्या तुकड्यांनी जाते त्यांना चौकट म्हणू. प्रत्येक चौकटीच्या आरंभी ती कोणाला जायची आणि कोणाकडून आली यांचे पत्ते असतात. या पत्त्यांच्या लगेच पुढे चार बाइटची एक चिठ्ठी, म्हणजे ‘टॅग’, घालावी असे हे प्रमाण सांगते. पहिल्या दोन बाइटांत ही चिठ्ठी असल्याची खूण असते, षोडशमान पद्धतीत ८१००. पुढच्या सोळा बिटांपैकी तीन प्राधान्यासाठी, एक इतर कामासाठी आणि बारा जाळ्याच्या क्रमांकासाठी. बारा बिटांतून ४,०९६ क्रमांक निघतात. त्यांतील ० आणि ४०९५ राखीव असल्याने वापरता येण्याजोगे ४,०९४ उरतात. चिठ्ठीमुळे चौकटीची कमाल लांबी १,५१८ वरून १,५२२ बाइट होते. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यावरील खूण जशी आतल्या पोळी-भाजीला स्पर्श करीत नाही, तशी ही चिठ्ठी आतल्या माहितीला हात लावीत नाही. डबा कोठल्या वाटेने जायचा एवढेच ती ठरविते.

घरातील संगणक किंवा कॅमेरा यांना या चिठ्ठीचा पत्ताही नसतो. चिठ्ठी लावणे आणि काढणे हे स्विचचे काम. यातून प्रत्येक पोर्टाबाबत दोन वेगळे निर्णय उद्भवतात आणि नवख्याची गफलत नेमकी येथेच होते. पहिला निर्णय जाणाऱ्या चौकटींचा : या पोर्टावरून अमुक जाळ्याची चौकट बाहेर पडताना तिची चिठ्ठी काढायची की ठेवायची. काढायची असल्यास तो पोर्ट त्या जाळ्यात ‘अनटॅग्ड’, ठेवायची असल्यास ‘टॅग्ड’. दुसरा निर्णय येणाऱ्या चौकटींचा : चिठ्ठीविना आलेली चौकट कोणत्या जाळ्याची मानायची. या क्रमांकाला ‘पीव्हीआयडी’ म्हणतात. समजा, कॅमेऱ्याचा पोर्ट वीस क्रमांकाच्या जाळ्यात अनटॅग्ड केला, पण त्याचा पीव्हीआयडी जुन्या एकावरच राहिला. मग कॅमेऱ्याकडे जाणारी वाहतूक विसाव्या जाळ्यातून जाते आणि कॅमेऱ्याकडून येणारी पहिल्या जाळ्यात शिरते. कॅमेऱ्याला आयपी पत्ता मिळत नाही, किंवा भलत्याच जाळ्याचा मिळतो, आणि वापरकर्ता केबल बदलत बसतो. एक साधा नियम पाळल्यास हा घोळ टळतो : एक पोर्ट एकाच जाळ्यात अनटॅग्ड असावा आणि त्याचा पीव्हीआयडी तोच असावा. अनेक जाळी वाहून नेणारा पोर्ट, म्हणजे ‘ट्रंक’, फक्त दुसऱ्या राऊटरकडे, स्विचकडे किंवा सर्व्हरकडे जावा.

जुन्या फर्मवेअरमध्ये आणखी एक गंमत आढळते. पेटीवर पोर्टांना दिलेले एक ते चार हे आकडे आणि स्विचच्या आतील क्रमांक यांचा मेळ असतोच असे नाही. डब्ल्यूआरटी५४जीच्या काही आवृत्त्यांत तर क्रम चक्क उलटा होता, म्हणजे पेटीवरचा पहिला पोर्ट आत तिसरा आणि चौथा पोर्ट आत शून्यावा. त्यामुळे केबल लावून पडद्यावर कोणत्या पोर्टाचा दिवा पेटतो हे पाहून कागदावर नोंद करणे, हाच भरवशाचा उपाय. जुन्या स्विच-चिपना क्रमांकांची मर्यादाही होती. डीडी-डब्ल्यूआरटीच्या पडद्यावर ० ते १५ असे सोळाच रकाने दिसत.

मांडणीची रीत

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने ओपनडब्ल्यूआरटी निवडावे, असे म्हणण्यास सबळ कारण आहे. २०१६ मध्ये या प्रकल्पातील काही विकसक ‘लीड’ या नावाने वेगळे झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही शाखा पुन्हा एक झाल्या. त्यानंतर आवृत्त्या बऱ्याच नियमाने येऊ लागल्या. टोमॅटोचे मूळ काम २०१० मध्ये थांबले, परंतु ‘फ्रेशटोमॅटो’ ही शाखा ब्रॉडकॉम चिपच्या राऊटरांसाठी चालू आहे आणि तिचा आभासी जाळ्यांचा पडदा समजण्यास सर्वांत सोपा आहे. डीडी-डब्ल्यूआरटी अनेक जुन्या राऊटरांवर चालते, पण त्यातील जाळ्यांची मांडणी चिपगणिक बदलते. राऊटर नवा घ्यावयाचा असल्यास किमान १६ मेगाबाइट फ्लॅश आणि १२८ मेगाबाइट रॅम असलेला घ्यावा. चार मेगाबाइट फ्लॅशच्या जुन्या पेट्यांत नव्या आवृत्त्या मावत नाहीत. आणि सुरक्षिततेसाठी आटापिटा करून त्यावर दहा वर्षांपूर्वीचे फर्मवेअर चालविण्यात अर्थ नाही.

ओपनडब्ल्यूआरटीत स्विच हाताळण्याच्या दोन पद्धती आहेत आणि जुनी माहिती वाचून नवा राऊटर मांडणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. जुन्या पद्धतीत, जिला ‘स्विचकॉन्फिग’ म्हणतात, पडद्यावर एक तक्ता दिसतो : आडव्या ओळींत जाळ्यांचे क्रमांक, उभ्या रकान्यांत पोर्ट, आणि त्यांत प्रोसेसरचा स्वतंत्र रकाना. प्रत्येक जाळ्यात प्रोसेसर टॅग्ड असावा लागतो, एरवी राऊटरला ते जाळे दिसतच नाही. नवी पद्धत ‘डीएसए’ची. लिनक्सच्या गाभ्यात ती २००८ पासून आहे, परंतु ओपनडब्ल्यूआरटीने तिचा व्यापक अवलंब सप्टेंबर २०२१ मधील २१.०२ या आवृत्तीपासून केला. तीत स्विचचा प्रत्येक पोर्ट लिनक्सला स्वतंत्र जोडणी म्हणून दिसतो आणि प्रोसेसरचा रकाना नाहीसा होतो. सारे पोर्ट ‘बीआर-लॅन’ या एका ब्रिजमध्ये असतात आणि त्या ब्रिजवर ‘व्हीलॅन फिल्टरिंग’ चालू करून जाळी आखावयाची असतात. काही जुन्या चिपसंचांवर अद्याप पहिलीच पद्धत आहे. आपल्या राऊटरवर कोणती, हे ‘नेटवर्क’ या यादीत ‘स्विच’ हा पर्याय दिसतो की नाही यावरून कळते.

डीएसए असलेल्या राऊटरवर कॅमेऱ्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची रीत अशी. प्रथम विद्यमान मांडणीची प्रत संगणकावर उतरवून ठेवावी आणि एक पोर्ट, उदाहरणार्थ पहिला, अखेरपर्यंत हात न लावता राखून ठेवावा. काम करणारा संगणक त्यालाच केबलने जोडलेला असावा. वायरलेसवरून हे काम करू नये. मग ‘इंटरफेसेस’ पडद्यावरील ‘डिव्हायसेस’ या भागात बीआर-लॅन उघडून त्यात एक आणि वीस असे दोन क्रमांक घालावेत. एकमध्ये पहिले तीन पोर्ट अनटॅग्ड आणि पीव्हीआयडीसह, विसात चौथा पोर्ट तसाच. यानंतरची पायरी बहुतेकांकडून निसटते. फिल्टरिंग चालू करताच घराचे मूळ जाळे ‘बीआर-लॅन’वर राहत नाही, ते ‘बीआर-लॅन.१’ या नावाखाली जाते. ‘लॅन’ या इंटरफेसला हे नवे नाव दिल्याखेरीज बदल लागू केल्यास राऊटरशी संपर्कच तुटतो. सुदैवाने ओपनडब्ल्यूआरटीचा पडदा अशा वेळी सुमारे दीड मिनिट वाट पाहतो आणि संगणकाकडून पुन्हा हाक आली नाही तर जुनी मांडणी परत आणतो. तोवर राऊटरची वीज बंद करण्याची घाई करू नये.

पुढे ‘बीआर-लॅन.२०’वर नवा इंटरफेस निर्माण करून त्याला घराहून वेगळा पत्तासमूह द्यावा. घराचा १९२.१६८.१ असेल, तर कॅमेऱ्यांना १९२.१६८.२० द्यावा, क्रमांक आणि पत्ता यांत असा मेळ ठेवल्यास वर्षभराने पाहतानाही उलगडा होतो. पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा त्या इंटरफेसवर चालू करावी. येथवर भिंत उभी राहिली.

भिंत आणि दरवाजा

भिंत उभी राहिली, पण राऊटर स्वतः दोन्ही बाजूंना दार असलेली खोली आहे. एका जाळ्यातून दुसऱ्याकडे जाणारी वाहतूक त्याच्या मार्फतच जाते, आणि ‘जाऊ नको’ असे त्याला सांगितले नाही तर तो ती इमानेइतबारे पोहोचवितो. हे सांगण्याचे काम फायरवॉलचे. आभासी जाळे आखून फायरवॉल तशीच ठेवणे हा या साऱ्या प्रकारातील सर्वांत घातक अर्धवटपणा होय. कारण पडद्यावर दोन जाळी दिसतात, वापरकर्ता निश्चिंत होतो आणि कॅमेऱ्यातून लॅपटॉपपर्यंतची वाट मात्र मोकळीच असते.

ओपनडब्ल्यूआरटीत फायरवॉल ‘झोन’ या संकल्पनेवर चालते. कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र झोन करून त्यात ‘इनपुट’ आणि ‘फॉरवर्ड’ हे दोन्ही नाकारावेत, ‘आउटपुट’ मान्य करावे. घराच्या झोनमधून कॅमेऱ्यांच्या झोनकडे जाण्यास मुभा द्यावी, उलट दिशेने देऊ नये. घरातील फोनने मागितलेले चित्र परत येण्यात यामुळे अडथळा येत नाही, कारण फायरवॉल चालू संभाषणाची आठवण ठेवते.

‘इनपुट’ आणि ‘फॉरवर्ड’ यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. फॉरवर्ड म्हणजे राऊटरमधून पलीकडे जाणारी वाहतूक. इनपुट म्हणजे खुद्द राऊटरला उद्देशून आलेली. १९२.१६८.१.१ हा पत्ता घराच्या जाळ्यातला असला तरी तो राऊटरचाच आहे. त्यामुळे फक्त फॉरवर्ड रोखले, तर कॅमेरा लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही, पण राऊटरच्या व्यवस्थापनाच्या पडद्यापर्यंत खुशाल पोहोचतो, आणि पासवर्ड कच्चा असेल तर सगळी भिंतच पाडू शकतो. राऊटर हेच लक्ष्य असते, हे २०१८ च्या मे महिन्यात उघडकीस आलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’ने दाखवून दिले : किमान ५४ देशांतील सुमारे पाच लाख यंत्रे बाधित झाली होती आणि त्यांत नामांकित कंपन्यांचे घरगुती राऊटर होते. म्हणून इनपुट नाकारणे आवश्यक. मात्र ते नाकारताच पत्ता मागणारी डीएचसीपी आणि नावे सोडविणारी डीएनएस या दोन सेवाही बंद पडतात. त्यांच्यासाठी ६७ आणि ५३ या क्रमांकांचे दोन छोटे झरोके नियम म्हणून ठेवावे लागतात. कॅमेऱ्यांना घड्याळ लावण्यासाठी राऊटरचीच वेळसेवा चालू केल्यास १२३ हा तिसरा.

कॅमेऱ्यांना महाजालाकडे जाऊ द्यावे काय? न दिलेले बरे. मात्र अनेक स्वस्त कॅमेरे उत्पादकाच्या दूरस्थ सर्व्हरमार्फतच फोनवर चित्र दाखवितात. त्यांची बाहेरची वाट बंद केली की कार्यालयात बसून घर पाहण्याची सोय जाते. यावर चांगला उपाय म्हणजे राऊटरवरच वायरगार्ड बसवून फोनला घराच्या झोनमध्ये आणणे आणि तेथून कॅमेरा किंवा रेकॉर्डर थेट पाहणे. ज्या कॅमेऱ्याला तशी थेट सोयच नाही तो विकत घेतानाच टाळावा, हे अधिक शहाणपणाचे.

पाहुण्यांचे वायरलेस जाळे हा याच मांडणीचा सोपा भाऊ. हवेतून जाणाऱ्या वाय-फायच्या चौकटीत चिठ्ठी नसते. म्हणून राऊटर दुसऱ्या नावाचे वायरलेस जाळे निर्माण करतो आणि ते नाव एखाद्या आभासी जाळ्याच्या इंटरफेसला जोडून देतो. पाहुण्यांना महाजाल खुले ठेवावे, घराचा झोन बंद, आणि पाहुण्यांची यंत्रे एकमेकांपासूनही वेगळी ठेवणारा पर्याय चालू करावा. दूरचित्रवाणी संच मात्र वेगळ्या जाळ्यात हलविला की घरात तक्रार ठरलेली : फोनवरचा चित्रपट पडद्यावर टाकण्यासाठी संच सापडेनासा होतो. फोन संचाला शोधण्यासाठी जी आरोळी देतो ती आपल्या जाळ्याची वेस ओलांडत नाही. ‘अवाही’ ही सेवा बसवून तिचे परावर्तन चालू केल्यास ती आरोळी दोन्हीकडे ऐकू जाते. त्याखेरीज संचाशी प्रत्यक्ष संवाद साधण्यास फायरवॉलमध्ये वाट ठेवावी लागते. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी संच घराच्याच जाळ्यात राहू द्यावा.

तपासणी केल्याशिवाय काम पुरे समजू नये. चौथ्या पोर्टात कॅमेऱ्याऐवजी लॅपटॉप लावावा आणि तीन गोष्टी करून पाहाव्यात : पत्ता विसाव्या समूहातला मिळतो काय, घरातील दुसऱ्या संगणकाला साद घातल्यास उत्तर येते काय, आणि १९२.१६८.१.१ उघडते काय. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि उरलेल्या दोहोंचे नकारार्थी यायला हवे. हीच तपासणी राऊटर बंद करून चालू होत असतानाही करावी. काही राऊटरांत वीज आल्यापासून लिनक्स उभे राहीपर्यंतच्या काही सेकंदांत स्विच विभागणीविना चालतो आणि सर्व पोर्ट एकमेकांशी बोलू शकतात. घरगुती वापरात ही फट सहसा सोसण्याजोगी असते. दवाखाना वा छोटे कार्यालय यांच्यासाठी नाही.

सेवादात्याचा क्रमांक

आभासी जाळ्याशी गाठ पडण्याचे दुसरे निमित्त बाहेरून येते. तंतुप्रकाशीय जोडणी देणाऱ्या कंपन्या महाजाल, दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी एकाच तंतूवरून पण वेगवेगळ्या क्रमांकांनी पाठवितात. कंपनीची पेटी बाजूला सारून स्वतःचा राऊटर लावणाऱ्याने बाहेरच्या पोर्टावर तो क्रमांक टॅग्ड स्वरूपात दिला नाही, तर नाव-पासवर्ड अचूक असूनही जोडणी होत नाही. जर्मनीत डॉइच टेलिकॉमसाठी हा क्रमांक ७ आहे, फ्रान्समध्ये ऑरेंजसाठी ८३२, अमेरिकेत सेंच्युरीलिंकसाठी २०१. भारतात एकच असा क्रमांक नाही. जोडणी देणाऱ्या तंत्रज्ञाकडून तो त्याच दिवशी लिहून घ्यावा, किंवा कंपनीच्या पेटीतील ‘वॅन’ पडद्यावर पाहून ठेवावा. पेटी परत केल्यावर तो मिळविणे जिकिरीचे होते. डीएसएमध्ये मांडणी सोपी आहे : बाहेरच्या इंटरफेसचे नाव ‘वॅन’ऐवजी ‘वॅन.७’ करायचे. जुन्या पद्धतीत तक्त्यात सात क्रमांकाची ओळ काढून बाहेरचा पोर्ट आणि प्रोसेसर दोन्ही टॅग्ड करावे लागतात.

वेगाबद्दल एक मर्यादा सांगितली पाहिजे. एकाच जाळ्यातील दोन यंत्रांमधील वाहतूक स्विच परस्पर हाताळतो, प्रोसेसरला तिची वार्ताही नसते. दोन जाळ्यांमधील वाहतूक मात्र प्रोसेसरपर्यंत जाऊन परत येते, आणि अनेक राऊटरांत त्यासाठी स्विच व प्रोसेसर यांच्यात एकच दुवा असतो. साहजिकच मोठ्या फायली साठविणारे यंत्र आणि ते वापरणारे संगणक एकाच जाळ्यात ठेवावेत.

बिघाडाची भीती अनाठायी नाही. फर्मवेअर चढविताना वीज गेली तर राऊटरची ‘वीट’ होते, असे या क्षेत्रात म्हटले जाते. चढविण्यापूर्वी फाइलची बेरीज-तपासणी करावी आणि शक्य तर राऊटर इन्व्हर्टरवर ठेवावा. मांडणी चुकली एवढेच झाले असेल तर ओपनडब्ल्यूआरटीची ‘फेलसेफ’ अवस्था पुरते : राऊटर सुरू होत असता दिवा लुकलुकू लागताच बटण दाबले, की तो सर्व मांडणी बाजूला ठेवून १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उभा राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीने सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीच्या साहाय्याने काढलेल्या ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ या राऊटरमध्ये तर सुटकेचे फर्मवेअर वेगळ्या फ्लॅशवर ठेवलेले असून पेटीवरील एका खटक्याने ते निवडता येते. त्याला दोनच ईथरनेट पोर्ट असल्याने अनेक जाळ्यांसाठी सोबत व्हीलॅन समजणारा स्विच घ्यावा लागतो.

पर्यायी फर्मवेअर घालण्याच्या हक्काबाबत अमेरिकेत मोठी चर्चा झाली. रेडिओची शक्ती वापरकर्त्याने वाढवू नये यासाठी तेथील दूरसंचार आयोगाने आणलेल्या नियमांमुळे काही उत्पादकांनी फर्मवेअरच कुलूपबंद केले होते. ऑगस्ट २०१६ मधील तडजोडीत टीपी-लिंकने दोन लाख डॉलर दंड भरला, पण त्याच करारात पर्यायी फर्मवेअरला वाट करून देण्याचेही मान्य केले. भारतातील वापरकर्त्याने वायरलेसच्या पडद्यावर देश म्हणून भारत निवडावा. त्यातून येथे मुक्त असलेल्या लहरी आणि त्यांच्या शक्तीच्या मर्यादा आपोआप लागू होतात. हमीचा काळ शिल्लक असेल तर उत्पादकाच्या अटी आधी वाचून घ्याव्यात.

ज्यांच्या राऊटरवर जुन्या स्विचकॉन्फिग पद्धतीची जाळी आखलेली आहेत आणि ज्यांना त्याच राऊटरची डीएसए पद्धतीची नवी आवृत्ती चढवायची आहे, त्यांनी जुनी मांडणी सोबत नेण्याचा प्रयत्न करू नये. नवी आवृत्ती ती वाचू शकत नाही आणि अनेक राऊटरांवर फर्मवेअर चढविण्याची क्रियाच इशारा देऊन थांबते. जाळ्यांचे क्रमांक, पोर्ट, पत्तासमूह आणि फायरवॉलचे नियम कागदावर उतरवावेत, मांडणी पुसून आवृत्ती चढवावी आणि कागद समोर ठेवून सर्व नव्याने भरावे. चार पोर्टांच्या राऊटरला त्यास अर्धा-पाऊण तास लागतो.